गवताच्या आत कोण आहे? पश्चिम आफ्रिकेचे उत्सव आणि पिएर व्हेर्झे यांचा कॅमेरा

गेली काही वर्षे एक दृश्य मोबाईलवर पुन्हा पुन्हा फिरून येते. माणसाहून उंच, शंकूच्या आकाराचा, रंगवलेल्या गवताचा एक ढीग मैदानात गरगर फिरत असतो. भोवती ढोल वाजत असतात. मग चार-पाच जण पुढे होऊन तो ढीग आडवा करतात, तर आत माणूस नसतोच. एखादे कासव किंवा छोटीशी बाहुली तेवढी निघते. पाहणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. काहींना तो चमत्कार वाटतो आणि काहींना हातचलाखी. हा ढीग म्हणजे बेनिन देशातला ‘झांगबेतो’. दरवर्षी १० जानेवारीला तिथे वोडुन परंपरेचा सण असतो, त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते, आणि अलीकडे सरकारने उइदा या किनारी गावात त्याला दोन-तीन दिवसांच्या मोठ्या सोहळ्याचे रूप दिले असल्यामुळे अशी दृश्ये आपल्यापर्यंत अधिकच पोचू लागली आहेत.

‘आत कोण आहे?’ हा आपल्याला पहिला सुचणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाले तरी त्या मैदानात काय चालले आहे हे मात्र कळणार नाही. ते कळण्यासाठी काय करावे लागते, याचा विसाव्या शतकातला एक विलक्षण नमुना म्हणजे पिएर व्हेर्झे हा फ्रेंच छायाचित्रकार, जो पुढे मानवशास्त्रज्ञ झाला. त्याच्या कामाच्या आधाराने हा विषय उलगडण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी नकाशा, आणि एक नेहमीची गफलत

आफ्रिकेच्या पश्चिम भागाचा दक्षिण किनारा डोळ्यांसमोर आणावा. तिथे घाना, टोगो, बेनिन आणि नायजेरिया हे देश शेजारीशेजारी आहेत. नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात आणि लगतच्या बेनिनमध्ये योरुबा लोक राहतात. त्यांच्या पश्चिमेला फोन, आणि पोर्टो-नोव्होच्या परिसरात गुन हे समाज आहेत. योरुबा आपल्या देवतांना ‘ओरिशा’ म्हणतात, तर फोन आणि गुन ‘वोडुन’ म्हणतात. हॉलिवूडच्या चित्रपटांतून टाचण्या टोचलेल्या बाहुल्यांचा जो ‘वूडू’ आपण पाहिला, त्याचा या परंपरेशी नावापुरताच संबंध आहे.

गफलत होते ती देशाच्या नावामुळे. आजच्या बेनिन देशाचे नाव १९७५ पर्यंत डाहोमी असे होते आणि १९६० पर्यंत तो फ्रेंचांच्या ताब्यात होता. ज्याच्या ब्राँझ शिल्पांविषयी आपण बातम्यांत वाचतो ते जुने बेनिन राज्य मात्र नायजेरियात होते. या लेखात ‘बेनिन’ म्हणजे आजचा देश.

झांगबेतो हे गुन समाजाचे रात्रीचे राखणदार. एक गुप्त मंडळ ही परंपरा सांभाळते. पूर्वी रात्री गावात गस्त घालणे, चोराला पकडणे आणि गुन्हेगाराला चारचौघांत उघडे पाडणे ही त्यांची कामे होती. गवताच्या आत माणूस आहे असे तिथे कोणी उघडपणे म्हणत नाही, कारण राखणदाराला तोंडवळा नसणे हाच त्याच्या अधिकाराचा पाया आहे. गस्त घालणारा अमक्याचा मुलगा तमका आहे असे ठरले, की त्याच्याशी वशिलाही लावता येतो आणि त्याच्यावर डूखही धरता येतो. मुखवट्यामागे कोण आहे हे बहुधा शेजाऱ्यांना ठाऊक असते, पण ते बोलायचे नसते. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बाजूला बोहाड्यात जो मुखवटा घालून नाचतो, त्याला त्या वेळेपुरते देवाच्या नावानेच ओळखतात. गावाला माणूस माहीत असूनही त्याच्या पाया पडले जाते. ‘माहीत असणे’ आणि ‘म्हणणे’ यांच्यातले हे अंतर लक्षात ठेवले, की पश्चिम आफ्रिकेतल्या मुखवट्यांचे निम्मे कोडे सुटते.

मानवशास्त्रज्ञ उत्सवात नेमके काय करतो?

पत्रकार उत्सवाला एक दिवस जातो. मानवशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे जातो आणि उत्सव नसतानाही तिथेच राहतो. माणसांच्या समूहांचे जगणे त्यांच्यातच राहून अभ्यासणारा तो मानवशास्त्रज्ञ, आणि या पद्धतीला ‘सहभागी निरीक्षण’ म्हणतात. शब्द जड असला तरी गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांबरोबर चालल्या, कोण कोणाबरोबर जेवतो आणि कोण वेगळा बसतो हे त्यांनी पाहिले, आणि मगच लिहिले. पालखी मार्गावरच्या एखाद्या गच्चीतून वारीचे उत्तम छायाचित्र मिळू शकते, पण पंगतीतली ती फट तिथून दिसत नाही.

व्हेर्झे मात्र उलट्या दिशेने आला. त्याचा जन्म १९०२ मध्ये पॅरिसमधल्या सधन कुटुंबात झाला. शालेय शिक्षण त्याने अर्धवट सोडले. १९३२ मध्ये त्याने रोलायफ्लेक्स कॅमेरा हाती घेतला, आणि पुढची चौदा वर्षे तो जगभर भटकत छायाचित्रे विकून जगला. काही काळ त्याने पॅरिसमधल्या त्रोकादेरो इथल्या मानववंश संग्रहालयाच्या छायाचित्र-प्रयोगशाळेतही काम केले. १९४६ मध्ये तो ब्राझीलमधल्या बाहिया प्रांताच्या साल्व्हादोर शहरात पोचला आणि तिथेच रमला. या शहरातल्या काळ्या लोकांच्या देवघरांत चालणारे उत्सव तो टिपू लागला. या परंपरेला कांडोंब्ले म्हणतात. तिथले देव, तिथली गाणी आणि तिथले ढोल आफ्रिकेतून आले आहेत हे सगळेच सांगत होते, पण आफ्रिकेत ते आज कसे आहेत हे पाहून आलेले मात्र फार थोडे होते.

१९४८ मध्ये डाकार इथल्या फ्रेंच संशोधन संस्थेने त्याला शिष्यवृत्ती दिली आणि तो डाहोमीला आला. संस्थेचे प्रमुख थेओदोर मोनो यांनी अट घातली की नुसती छायाचित्रे चालणार नाहीत, जे पाहिले ते लिहूनही द्यावे लागेल. व्हेर्झेला लिहिण्याची हौस नव्हती. त्याच्यातला मानवशास्त्रज्ञ जन्मला तो असा, वरिष्ठांच्या तगाद्यातून! तो लिहू लागला आणि थांबलाच नाही. १९६६ मध्ये, साठी उलटल्यावर, शाळाही पूर्ण न केलेल्या या माणसाला सोरबोन विद्यापीठाने डॉक्टरेट दिली.

कॅमेऱ्याविषयी एक तपशील इथे सांगायला हवा. रोलायफ्लेक्स डोळ्याला लावत नाहीत. तो पोटाशी धरतात आणि वरच्या काचेत खाली मान घालून पाहतात. त्यामुळे छायाचित्रकार समोरच्यावर नजर रोखलेला दिसत नाही, उलट वाकून उभा असल्यासारखा दिसतो. छायाचित्र कमरेच्या उंचीवरून निघत असल्याने समोरचा माणूस भारदस्त, किंचित उंच येतो. काचेत डावे-उजवे उलटे दिसते आणि एका रिळात बाराच चित्रे मावतात, म्हणून फटाफट बटण दाबण्याची सोय नसते. व्हेर्झेच्या छायाचित्रांतला निवांतपणा आणि त्यातल्या माणसांचा डौल यांचे थोडे श्रेय या यंत्राला द्यावे लागेल, असे मला वाटते. थोडेच, कारण हाच कॅमेरा त्या काळी हजारो जणांच्या गळ्यात होता.

ढोल बोलतो म्हणजे काय?

छायाचित्र मुके असते, आणि या उत्सवांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐकण्याची आहे. म्हणून हा भाग जरा सावकाश पाहू.

योरुबा ही सुरावर अर्थ ठरणारी भाषा आहे. आपण मराठीत ‘हो’ हा शब्द चढ्या सुरात म्हटला तर प्रश्न होतो आणि उतरत्या सुरात म्हटला तर होकार, पण शब्दाचा मूळ अर्थ बदलत नाही. योरुबात तो बदलतो. प्रत्येक अक्षराला वरचा, मधला किंवा खालचा असा ठरलेला सूर असतो. ‘ओको’ या उच्चाराची दोन्ही अक्षरे मधल्या सुरात म्हटली तर नवरा, दुसरे अक्षर वर नेले तर कुदळ, दुसरे खाली आणले तर वाहन, आणि दोन्ही खालच्या सुरात म्हटली तर भाला. मुलांना शिकवताना हे तीन सूर ‘डो, रे, मी’ या पाश्चात्त्य स्वरनावांनीच दाखवतात, म्हणजे जवळपास आपल्या ‘सा, रे, ग’सारखे.

आता कल्पना करा, की शब्दांतली व्यंजने आणि स्वर काढून टाकले आणि नुसते सुरांचे चढउतार आणि त्यांची लय शिल्लक ठेवली. एवढे ज्या वाद्यावर वाजवता येईल ते वाद्य बोलू शकेल. योरुबांचा ‘डुंडुन’ हा ढोल तेच करतो. त्याचा आकार आपल्या डमरूसारखा, मध्ये बारीक आणि दोन्हीकडे रुंद असतो. दोन्ही तोंडांवरची कातडी चामड्याच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेली असते. ढोल काखेत धरून त्या पट्ट्या दाबल्या की कातडे ताणले जाते आणि सूर चढतो, सैल सोडल्या की उतरतो. दुसऱ्या हातात वाकडी काठी असते. देवीच्या भक्तांचे चौंडके ज्यांनी ऐकले आहे त्यांना ताण बदलून सूर वाकवण्याची ही युक्ती ओळखीची वाटेल.

तबल्याशी तुलना केली तर फरक आणखी स्पष्ट होतो. तबल्यात आधी आघात असतो आणि तो लक्षात राहावा म्हणून त्याला ‘धा’, ‘तिं’ असे बोल दिलेले असतात; त्या बोलांना स्वतःचा अर्थ नसतो. डुंडुनचा प्रवास याच्या उलट आहे. तिथे आधी अर्थपूर्ण वाक्य असते आणि आघात त्या वाक्यातून येतात.

इथे चाणाक्ष वाचक शंका घेईल, की एकाच सुरावळीचे शब्द तर अनेक असणार, मग ऐकणाऱ्याला नेमका कोणता ते कसे कळते? शंका रास्त आहे. सुटा शब्द ढोलावर बहुधा ओळखता येत नाही. म्हणून वादक सर्वांच्या तोंडी असलेल्या म्हणी वाजवतात, आणि त्याहून अधिक ‘ओरिकी’ वाजवतात. ओरिकी म्हणजे माणसाची, घराण्याची, गावाची किंवा देवाची बिरुदावली. ‘गोब्राह्मणप्रतिपालक’ एवढी लय जरी कुठे वाजली तरी पुढचे मागचे आपल्याला आपोआप आठवेल, तसेच हे आहे. ऐकणाऱ्याला मजकूर आधीच पाठ असतो आणि ढोल त्याला नुसते बोट दाखवतो. साहजिकच ज्याला तो मजकूर माहीत नाही त्याला केवळ ठेका ऐकू येतो. आपण रीलमध्ये ऐकतो तो बहुतेक वेळा एवढाच असतो; तिथे कोणाच्या तरी पणजोबाचे नाव घेतले जात असते आणि आपण मान डोलावत असतो.

ढोलांच्या ताफ्यात एक मुख्य ढोल असतो. त्याला ‘इया इलू’, म्हणजे ढोलांची आई म्हणतात. आई बोलते आणि बाकीचे ढोल ठेका धरतात. हे वादन बहुधा घराण्यांत चालते आणि त्या घराण्यांतल्या पुष्कळ नावांची सुरुवात ‘आयान’ या शब्दाने होते. आयान ही ढोलाची देवता. गोंधळ्यांच्या घरात संबळ जसा पिढीजात चालतो, तसाच हा प्रकार.

गेलेडे उत्सवात हा संवाद पायांपर्यंत जातो. गेलेडे हा योरुबांचा, ‘आपल्या आयांच्या’ म्हणजे वडीलधाऱ्या स्त्रियांच्या सामर्थ्याला मान देणारा उत्सव. २००१ मध्ये युनेस्कोने जगाचा अमूर्त वारसा म्हणून ज्या परंपरांची पहिली यादी केली तिच्यात तो होता. आदल्या रात्री मुखवटाधारी गायक गावातल्या वागणुकीवर टोमणे मारणारी गाणी म्हणतो आणि कोणालाही सोडत नाही. दुसऱ्या दिवशी पुरुष स्त्रीवेशात, डोक्यावर लाकडी मुखवटे घेऊन, बहुतेक जोडीने नाचतात. त्यांच्या पायांत लोखंडी वाळे असतात. ढोलाने वाजवलेले वाक्य नर्तकाने पायांतल्या वाळ्यांनी अक्षर न् अक्षर उमटवायचे असते आणि चुकला तर गर्दीला लगेच कळते. व्हेर्झेसारख्या छायाचित्रकाराला या क्षणाचे फार तर हवेत उचललेले पाऊल मिळते. ते पाऊल कोणत्या अक्षरावर उचलले होते हे चित्रात कुठेही नसते.

ढोलामुळे अंगात येते का?

व्हेर्झेच्या छायाचित्रांत सर्वांत जास्त चर्चा झाली ती अंगात आलेल्या माणसांच्या चेहऱ्यांची. शांगो ही मेघगर्जनेची देवता. तो ओयो या योरुबा नगरीचा जुना राजा होता अशी श्रद्धा आहे. दुधारी कुऱ्हाड हे त्याचे चिन्ह आणि ‘बाता’ नावाचे ढोल त्याच्या आवडीचे. या ढोलांवर शांगोच्या ओरिकी वाजू लागल्या की दीक्षा घेतलेल्या भक्ताच्या अंगात तो येतो. योरुबा त्या भक्ताला देवाचा ‘घोडा’ म्हणतात, कारण देव त्याच्यावर स्वार होतो. आपल्याकडे ज्याच्या अंगात येते त्याला ‘झाड’ म्हणतात. रूपके वेगळी आहेत, पण हे शरीर आता दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात आहे, ही समजूत दोन्हीकडे सारखी आहे.

पाश्चात्त्य प्रवाशांनी दीर्घकाळ याचे एक सोपे स्पष्टीकरण दिले, की ढोलांच्या सततच्या गजराने मेंदू बधिर होतो. झिलबेर रूझे या फ्रेंच संगीत-अभ्यासकाने हे खोडून काढले. त्याने डाहोमीत, विशेषतः पोर्टो-नोव्होच्या परिसरात, वोडुनच्या दीक्षाविधींचे संगीत वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रित केले होते. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने दाखवले, की संगीताचा असा यांत्रिक परिणाम असता तर ढोलाच्या सर्वांत जवळ बसलेल्या वादकांच्याच अंगात सर्वांत आधी आले असते, आणि तसे सहसा होत नाही. एका ठिकाणी अंगात येण्याशी जोडलेले संगीत दुसरीकडे ते शांत करायला वाजवतात. रूझेच्या मते संगीत ही त्या प्रसंगाची चौकट आहे: कोणता देव आला हे ते जाहीर करते आणि त्याने कसे वागावे हे ठरवून देते.

माझ्या आजोळी गोंधळ घातला जायचा तेव्हा संबळ सगळ्यांच्या कानांवर सारखाच पडायचा, पण घुमायची एक आत्याच. लहानपणी मला ते फक्त भीतिदायक वाटायचे. रूझेचा युक्तिवाद वाचल्यावर लक्षात आले, की तिच्या अंगात कधी येणार हे घरातल्या सगळ्या बायकांना आधीच ठाऊक असायचे आणि कोणीतरी तिच्या केसांतल्या पिना काढून ठेवत असे.

समुद्राच्या दोन काठांवर एकच देव

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत याच किनाऱ्यावरून, मुख्यतः उइदा बंदरातून, लाखो माणसे गुलाम म्हणून जहाजांत भरून अमेरिका खंडात नेली गेली. बाहियाचा या किनाऱ्याशी थेट व्यापार होता. बाहियातला काकवी लावलेला हलक्या प्रतीचा तंबाखू इथे इतका खपे, की त्याच्या बदल्यात माणसे विकत घेतली जात. व्हेर्झेला उइदामध्ये एकोणिसाव्या शतकातल्या एका गुलाम-व्यापाऱ्याची शंभराहून अधिक पत्रे सापडली आणि त्यांतून त्याच्या मोठ्या संशोधनाला सुरुवात झाली. तो पुढे बेनिनचे आखात आणि बाहिया यांच्यातल्या गुलाम-व्यापाराचा इतिहासकार ठरला.

त्याच्या कॅमेऱ्याचे वेगळेपण या जोडणीत आहे. साल्व्हादोरमध्ये शांगोच्या वेशातली स्त्री हातात दुधारी लाकडी कुऱ्हाड घेऊन नाचताना त्याने टिपली आणि डाहोमीतल्या एका गावात शांगोचा भक्त तशीच कुऱ्हाड घेऊन नाचताना टिपला. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की शेकडो वर्षांची ताटातूट असूनही परंपरा किती टिकली हे सांगायला वेगळ्या शब्दांची फारशी गरज उरत नाही. ही चित्रे तो समुद्रापार नेऊन लोकांना दाखवत असे. आफ्रिकेतल्या पुजाऱ्याला बाहियातल्या देवघराचे चित्र दाखवले की तो बोलू लागे, आणि बाहियात परतल्यावर तेच उलट दिशेने घडे. १९५२ मध्ये ओयोच्या राजाचे, म्हणजे आलाफिनचे पत्र त्याने साल्व्हादोरच्या माई सेन्योरा या प्रमुख पुजारिणीला आणून दिले आणि त्या पत्राने तिला एक जुना मानाचा किताब मिळाला. अभ्यासक इथे टपालवालाही झाला होता, आणि मला तरी हे काम त्याच्या ग्रंथांइतकेच महत्त्वाचे वाटते.

‘पण तो शेवटी गोऱ्या सत्तेचाच माणूस ना?’

हा आक्षेप टाळता येणार नाही. व्हेर्झे डाहोमीत आला तो फ्रेंच वसाहतीच्या संस्थेच्या पैशावर, आणि त्या काळातले मानवशास्त्र सत्तेच्या उपयोगाचे होते हे उघड आहे. शेजारच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, ब्रिटिश सरकारने १९२० च्या दशकात असांते लोकांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र खाते काढले आणि त्यावर आर. एस. रॅट्रे या अधिकाऱ्याला नेमले. योगायोगाने त्याचा जन्म भारतातला होता. रॅट्रेने असांतेंचे विधी, ढोलांची भाषा आणि छायाचित्रे यांची बहुमोल नोंद केली. पण राज्यकारभार सुकर व्हावा हा त्या खात्याचा उद्देश होता.

त्याच वेळी आफ्रिकेत आफ्रिकी छायाचित्रकार नव्हते असे मानण्याचे कारण नाही. व्हेर्झे पश्चिम आफ्रिकेत पोचला त्याच १९४८ मध्ये सेदू केइता या तरुणाने माली देशातल्या बामाको शहरात आपला स्टुडिओ उघडला होता, आणि तिथे लोक ठेवणीतले कपडे घालून, हौसेने घड्याळ किंवा रेडिओ शेजारी ठेवून स्वतःला हवे तसे चित्र काढून घेत होते. ढोलांच्या भाषेचा सखोल अभ्यासही पुढे घानाचे क्वाबेना न्केतिया यांच्यासारख्या, ती भाषा घरातच ऐकलेल्या विद्वानांनी केला. व्हेर्झेचे काम या सगळ्यांच्या शेजारी ठेवून पाहावे. एकटेच पाहिले तर ‘आफ्रिकेचे दर्शन घडवणारा युरोपीय’ ही जुनीच गोष्ट पुन्हा सांगितल्यासारखे होईल.

त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवावी लागेल. १९५१ मध्ये ब्राझीलच्या ‘ओ क्रुझेइरो’ या खपाच्या साप्ताहिकाने बाहियातल्या दीक्षाविधीची, मुंडन आणि रक्त दाखवणारी छायाचित्रे सनसनाटी मथळ्याखाली छापली आणि त्यावरून मोठे वादळ उठले. व्हेर्झेने या साप्ताहिकासाठी पूर्वी काम केले होते. बळी आणि रक्त त्याच्याही छायाचित्रांत आहे, त्यामुळे तो निष्कलंक होता असे म्हणता येणार नाही. फरक इतकाच, की तो परत परत त्याच दारात गेला आणि लोकांनी त्याला आत घेतले.

हे चित्र कोणाचे?

जुन्या डाहोमी राज्याची राजधानी असलेल्या अबोमे इथल्या राजवाड्यातून फ्रेंच सैन्याने १८९२ मध्ये लुटलेल्या २६ वस्तू फ्रान्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये बेनिनला परत केल्या. त्या प्रवासावरच्या माती दियोप यांच्या माहितीपटाला २०२४ मध्ये बर्लिन महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाल्याने हा विषय पुन्हा चर्चेत आला. त्यांतल्या राजपुतळ्यांचे घर दीर्घकाळ तेच त्रोकादेरोचे संग्रहालय होते, जिथल्या प्रयोगशाळेत व्हेर्झेने काम केले होते.

सिंहासन परत करता येते, कारण ते एकच असते. छायाचित्राचे काय करायचे? त्याची प्रत कितीही वेळा काढता येते, त्यामुळे ‘चोरले’ हा शब्द त्याला नीट लागू होत नाही, पण चेहरा तर कोणाचा तरी आहे. व्हेर्झेने १९८८ मध्ये साल्व्हादोरमधल्या आपल्या साध्या घरात प्रतिष्ठान स्थापन केले आणि सुमारे ६२ हजार निगेटिव्ह तिथे ठेवल्या. म्हणजे आफ्रिकेतल्या उत्सवांची ही चित्रे आज पॅरिसमध्ये नाहीत. ती गुलामांच्या वंशजांच्या शहरात आहेत. काहींना यात न्याय दिसेल. ज्या गावात चित्र काढले त्या गावातल्या नातवंडांना ते पाहायला महासागर ओलांडावा लागतो, हेही तितकेच खरे आहे, आणि डिजिटल प्रतींनी हा प्रश्न अर्धाच सुटतो. एखाद्या विधीचे चित्र कोणी पाहावे आणि कोणी पाहू नये याचे नियम त्या समाजात ठरलेले असतात. संकेतस्थळावर चढवलेले चित्र मात्र सगळ्यांनाच दिसते.

तो आतला होता की बाहेरचा?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आजच्या बेनिनमधल्या केतू या योरुबा नगरीत व्हेर्झेने इफा परंपरेची दीक्षा घेतली आणि तो ‘बाबालावो’, म्हणजे गुपितांचा पिता झाला. इफा ही योरुबांची प्रश्न पाहण्याची पद्धत. तेलताडाच्या सोळा बियांच्या आधारे २५६ चिन्हांपैकी एक निघते आणि प्रत्येक चिन्हाला जोडलेल्या असंख्य पद्यकथा बाबालावोला पाठ असाव्या लागतात. व्हेर्झेला नवे नाव मिळाले, फातुंबी. इफाने पुन्हा जन्माला घातलेला असा त्याचा अर्थ. पुढे तो आपल्या लेखनावर पिएर फातुंबी व्हेर्झे अशीच सही करू लागला.

दीक्षा घेतलेला माणूस तटस्थ कसा राहील, हा आक्षेप इथे येतो. त्याला दोन बाजू आहेत. बाबालावो झाल्यामुळे त्याला औषधी वनस्पतींबरोबर म्हणायचे मंत्र शिकता आले. वनस्पतीचे नाव, त्या नावात दडलेले क्रियापद आणि तिच्याकडून हवा असलेला परिणाम यांची शब्दजुळणी हा त्या मंत्रांचा गाभा आहे, हे त्याने पुढे ग्रंथातून मांडले; बाहेरच्या माणसाला ते कोणी सांगितले नसते. दुसरीकडे, गुप्ततेचे बंधन आल्यामुळे काय छापावे आणि काय नाही हे ठरवणे आता एकट्या अभ्यासकाच्या हाती राहिले नाही. ही अडचण आहेच, पण ती त्याने उघडपणे पत्करली होती, आणि आपल्याला काहीच बंधन नाही असे भासवणाऱ्या पाहुण्यापेक्षा मला ती अधिक प्रामाणिक वाटते.

फेब्रुवारी १९९६ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, व्हेर्झेने ब्राझीलचे गायक झिल्बेर्तो झिल यांना एक मुलाखत दिली. दुसऱ्याच दिवशी त्याचे निधन झाले. केतूचा बाबालावो आणि बाहियातल्या देवघरांचा मानकरी असलेला हा म्हातारा त्या मुलाखतीत सांगत होता, की आपल्या अंगात मात्र कधीच आले नाही. आपण फारच फ्रेंच आणि तर्काला धरून राहिलो, आणि याची आपल्याला खंत आहे.